ओला थिरथिरा

माइमूला फळ्या मी कापून देतो.
तळहाताएवढ्या, त्याहून मोठी एकही नाही.
जुन्या होडीचं लाकूड, साठ वर्षं मीठ प्यालेलं;
रंधा मारताना भुसा ओठाला खारट लागतो.
"मोठ्या चित्राला मोठा पक्षी हवा," ती म्हणते,
"आणि मोठे पक्षी माझ्यासाठी थांबत नाहीत."
छोटे तरी कुठे थांबतात,
हे मी बोलत नाही.

या हीउमा बेटावर तिचा जन्म हवामान केंद्रात गेला.
वारा किती, ढग किती, दिवसातून आठ वेळा वहीत.
चित्राच्या पाठीवर अजून तेच लिहिते:
तारीख, वायव्येचा वारा, सात अंश, रिमझिम.
पक्ष्याचं नाव सगळ्यात शेवटी,
जागा उरली तर.

सप्टेंबरात रात्री दीपगृहाच्या काचेवर पक्षी आपटतात.
तावेत सकाळी गोळा करतो. नऊ वर्षांचं पोर.
एकदा टोपीत थिरथिरा घेऊन आला,
काळा गळा, राखी पाठ, विटकरी पोट,
वजन भरल्या काडेपेटीएवढं.
"आता हा हलणार नाही," म्हणाला, "सावकाश काढ."
माइमूने टोपीत बघितलं, बराच वेळ.
मग म्हणाली, "हा कसला थिरथिरा?
थिरथिरा म्हणजे ती शेपटी."
पोराचं तोंड एवढंसं झालं.
दोघांनी मिळून त्याला जुनिपरच्या झुडपाखाली पुरलं,
फावडं माझं.

मग ती चार दिवस कुंपणासमोर बसली,
गुडघ्यांवर कांबळं, कांबळ्यावर मांजर, मग मांजराला घरात कोंडलं.
पाचव्या दिवशी एक आला.
खांबावर बसला, दीड मिनिट असेल,
आणि शेपटी अशी,
जसं उकळत्या किटलीचं झाकण.
गेला.
ती तशीच उठली, पायाला मुंग्या, भिंत धरत आत गेली.

राखी रंग लगेच जमला: अंबर, पांढरा, निळ्याचं नखभर.
विटकरीसाठी तीनदा पुसलं.
डोळ्यात पांढरा ठिपका ती कधीच देत नाही.
सगळे चित्रकार देतात, मी विचारलं होतं.
"तो ठिपका म्हणजे आभाळ, आणि आभाळासमोर बसलेली मी.
मला कशाला घालू त्यात?"

चोचीच्या वेळी मनगट डाव्या हाताने दाबून धरते.
दोन वर्षं झाली, उजवा हात कापतो.
ब्रशचं टोक फळीला टेकण्याआधी
हवेतच काहीबाही लिहून मोकळं होतं.
बगळे तिने सोडले. घुबडं सोडली.
ती श्वास रोखते, तेव्हा दाराशी उभा मीही रोखतो,
माझा काय उपयोग, तरीही.
चोच झाली. पाय झाले, काड्यांसारखे.
शेपटी उरली.

तिने डावा हात उचलला
आणि मांडीवर ठेवून दिला.

चित्रं वाळायला माझ्याकडे असतात, चुलीच्या वरच्या फळीवर.
जवसाचं तेल आमच्या दमट हवेत महिनोन्महिने घेतं.
ऑक्टोबर सरताना मी करंगळीने हळूच बघितलं:
पोट ओलं.
तोवर तो बाल्टिक ओलांडून, डोंगर ओलांडून
कुठल्याशा वाळवंटाच्या कडेला,
विहिरीच्या दगडावर असेल, शेपटीसकट.
किंवा नसेल. वाटेत दीपगृहं काय कमी आहेत?

दिवसभर मी तावेतच्या बापाची नवी होडी घासत होतो.
संध्याकाळी दिवा लावला तेव्हा दिसलं,
होडीच्या काठाला, आतल्या बाजूने,
बोटभर विटकरी.

टर्पेंटाइनची बाटली हाताशीच होती.